यंत्राची साक्ष

तक्रार करणें आणि तक्रारीचें कारण जाणणें या दोन अगदीं भिन्न गोष्टी होत. तान्हें मूल रडतें तेव्हां त्याला कांहीं तरी खुपत आहे एवढें सर्वांस कळतें. परंतु तें भुकेलें आहे, कीं त्याचें पोट दुखत आहे, कीं त्याला मुंगी चावली आहे, हें त्याच्या रडण्यांत लिहिलेलें नसतें. रोगी वैद्याकडे जातो तो ताप, ग्लानि, अरुचि यांचें गाऱ्हाणें घेऊन. रोगाचें नांव घेऊन नव्हे. आमच्या जुन्या वैद्यकानें लक्षण आणि निदान हे दोन शब्द निरनिराळे ठेवले, आणि माधवकराचा ग्रंथ ‘माधवनिदान’ याच नांवानें लोकांच्या तोंडीं राहिला, हें कांहीं उगीच नव्हे.

अलीकडे या तक्रार करणाऱ्यांच्या मंडळींत मोटारगाडीची भर पडली आहे. पूर्वींची गाडीही आपलें दुःख सांगत असे. पण तें खोकून, धूर ओकून किंवा घाटांत उकळून सांगत असे. मिस्त्री स्क्रू-ड्रायव्हरचें एक टोंक इंजिनाला व दुसरें कानाला लावून तें ऐकत. आतांची गाडी सुशिक्षित झाली आहे. तिला बिघाड जाणवला कीं ती समोरच्या पट्टीवर इंजिनाच्या आकृतीचा एक पिवळा दिवा लावते, आणि बिघाडाचा एक सांकेतिक आंकडा आपल्या स्मरणांत नोंदवून ठेवते. सुकाणूच्या खालीं एक सोळा टोंकांची खांचणी असते. तींत लहानसें उपकरण खोंचलें कीं तो आंकडा वाचतां येतो. असें उपकरण आतां कोणाच्याही खिशांत मावतें व भ्रमणध्वनीशीं बोलतें. त्यामुळें आमच्या ओळखीच्या कित्येक घरांत गाडीचा आंकडा वाचणें हें ताप मोजण्याइतकें साधें झालें आहे. पण ताप मोजणारा प्रत्येक जण वैद्य नव्हे; आणि आंकडा म्हणजे निकाल, अशी जी समजूत सर्वत्र पसरत आहे, तिच्याविषयींच आम्हांला येथें दोन शब्द लिहावयाचे आहेत.

प्रथम हा साक्षीदार नेमला कोणी हें पाहूं. गाडीच्या मालकाची सोय व्हावी म्हणून त्याचा जन्म झाला, असें पुष्कळांस वाटतें. पण खरा इतिहास निराळा आहे. १९४३ च्या जुलै महिन्यांत अमेरिकेंतील लॉस एंजेल्स शहरावर असें दाट धुरकें पसरलें कीं लोकांचे डोळे चुरचुरूं लागले, आणि युद्धाचे दिवस असल्यामुळें शत्रूनें विषारी वायु सोडला कीं काय, अशी शंका कित्येकांस आली. शत्रु मात्र घरांतलाच निघाला. आरी हागेन-स्मिट नांवाचे एक डच रसायनशास्त्रज्ञ जवळच्याच पॅसाडीना येथें अननसाच्या सुगंधाचें पृथक्करण करण्यांत गुंतलेले होते. त्यांनीं तें काम बाजूस ठेवून शहराची हवा तपासली, आणि १९५० च्या आसपासच्या आपल्या संशोधनांतून असें दाखविलें कीं मोटारींच्या व कारखान्यांच्या धुरांतील अर्धवट जळलेलें इंधन आणि नायट्रोजनचीं ऑक्साइडें यांवर सूर्यप्रकाशाची क्रिया होऊन हें धुरकें तयार होतें. पुढें कॅलिफोर्नियांत हवेच्या रक्षणासाठीं मंडळ स्थापन झालें, त्याचे पहिले अध्यक्षही तेच.

गाडी नवी असतांना स्वच्छ धूर सोडते हें खरें. पण पांच वर्षांनीं ती काय सोडते हें कोण पाहणार? प्रत्येक गाडीमागें एक अधिकारी ठेवणें शक्य नाहीं. तेव्हां गाडीनें स्वतःवरच पहारा ठेवावा, अशी युक्ति निघाली. कॅलिफोर्नियानें १९८८ सालच्या गाड्यांपासून तसा नियम केला, आणि १९९६ पासून अमेरिकेंत विकल्या जाणाऱ्या सर्व मोटारींना एकाच नमुन्याची खांचणी व एकच सांकेतिक भाषा सक्तीची झाली. युरोपांत पेट्रोलच्या गाड्यांना हा नियम २००१ त लागू झाला. आमच्याकडे त्याचा पहिला टप्पा २०१० त आणि दुसरा, अधिक कडक टप्पा २०१३ त आला. तात्पर्य, हा दिवा मूळचा तुमच्या-आमच्या खिशाचा रखवालदार नव्हे; तो शेजाऱ्याच्या फुप्फुसांचा रखवालदार आहे. गाडी सुरळीत धांवत असूनही तो कां लागतो, या नेहमींच्या प्रश्नाचें उत्तर यांतच आहे.

या साक्षीदाराची भाषाही थोडी समजून घेण्यासारखी आहे. १९८० नंतरच्या कांहीं अमेरिकन गाड्यांत खांचणीचीं दोन टोंकें तारेच्या तुकड्यानें जोडलीं कीं दिवा उघडझाप करी, आणि मिस्त्री त्या उघडझापी मोजून आंकडा ओळखी. एकदां, मग क्षणभर थांबून दोनदां, म्हणजे बारा. आतांच्या आंकड्याला पांच स्थानें असतात. पहिलें अक्षर अवयव सांगतें. इंजिन व गिअर यांच्यासाठीं ‘पी’. त्यापुढें शून्य असेल तर तो सर्व कंपन्यांस समान असा आंकडा, एक असेल तर त्या कंपनीचा खासगी. तिसरें स्थान खातें दाखवितें. इंधन-हवेचें, ठिणगीचें, धूर-शुद्धीचें. शेवटचीं दोन नेमकी तक्रार सांगतात. ‘पी ०३०१’ म्हणजे पहिल्या सिलिंडरमध्यें स्फोट चुकतो आहे. ‘पी ०१७१’ म्हणजे इंजिनांत हवा अधिक व पेट्रोल कमी पडत आहे.

शिवाय हा साक्षीदार उतावळा नाहीं. बहुतेक बिघाडांच्या बाबतींत एकदां चूक दिसली तर तो ती कच्च्या वहींत टिपतो. पुढच्या फेरींत तीच पुन्हां दिसली तरच पक्की नोंद करून दिवा लावतो. त्या क्षणीं इंजिनाचे फेरे किती होते, गाडीचा वेग काय होता, पाणी किती तापलें होतें, याचेंही एक चित्र तो जपून ठेवतो. पुढें लागोपाठ तीन फेऱ्या निर्दोष गेल्या कीं दिवा आपण होऊन विझतो. पण नोंद राहते, आणि सामान्यतः चाळीस वेळां इंजिन तापून थंड होईपर्यंत तो ती विसरत नाहीं. इतका सावध साक्षीदार आमच्या कोर्टकचेऱ्यांतूनही विरळाच आढळेल.

मग घोटाळा होतो कोठें? साक्षीदार जें पाहतो तें सांगतो. ऐकणारा जें त्यानें पाहिलें नाहीं तेंही त्याच्या तोंडीं घालतो. न्यायशास्त्र शिकणाऱ्यास पहिल्याच दिवशीं पर्वतावरच्या धुराचें उदाहरण देतात. धूर दिसला कीं अग्नि आहे असें अनुमान निघतें. पण अग्नि आहे म्हणून धूर असलाच पाहिजे असें उलट म्हणतां येत नाहीं. त्यासाठीं ओलें लांकूड ही आणखी एक अट लागते, आणि तापलेला लोखंडाचा गोळा अग्निमय असूनही धूर सोडीत नाहीं. ‘सेन्सर बिघडला तर आंकडा उमटतो’ हें बरोबर आहे. त्यावरून ‘आंकडा उमटला, म्हणून सेन्सर बिघडला’ असें म्हणणारा, मग तो कितीही मोठ्या गॅरेजांतला असो, न्यायाच्या पहिल्याच धड्यांत नापास झाला असें समजावें.

याचा अनुभव आम्हांस गेल्या वर्षीं पुण्यांत आमच्याच गाडीच्या निमित्तानें आला. गाडी दहा वर्षांची, पेट्रोलवर चालणारी. एके दिवशीं दिवा लागला आणि आंकडा निघाला तो वर सांगितलेला ‘पी ०१७१’. ज्या मोठ्या गॅरेजांत ती प्रथम नेली तेथील तरुण गृहस्थांनीं पडद्याकडे पाहून, ऑक्सिजन-सेन्सर बदलावा लागेल, सहा-सात हजार खर्च येईल, असें दोन मिनिटांत सांगितलें. गाडीचें झांकण त्यांनीं उघडलेंही नाहीं. त्यांच्या या झपाट्यानेंच आमचा संशय बळावला, आणि आम्ही गाडी घेऊन एका जुन्या मिस्त्रींकडे गेलों. हे गृहस्थ कार्बोरेटरच्या काळांत हाताखालीं शिकलेले. साठीला आल्यावर त्यांनीं स्वतःच्या कमाईंतून स्कॅनर घेतला, आणि नातवाकडून तो चालवावयास शिकले.

त्यांनीं आंकडा वाचला, पण आम्हांस तो सांगण्यापूर्वीं विचारलें, “साहेब, दिवा लागला तेव्हां गाडी पळत होती कीं उभी होती?”

“सिग्नलला उभी होती. कां बरें?”

“यंत्र पण तेंच सांगतंय, म्हणून विचारलं. फेरे आठशे, वेग शून्य. तुमचं आणि त्याचं जमलं म्हणजे निम्मं काम झालं.”

नंतर त्यांनीं जें केलें तें समजण्यासाठीं इंजिनाची एक रीत सांगितली पाहिजे. पेट्रोलच्या एका भागास वजनानें सुमारें १४.७ भाग हवा मिळाली म्हणजे ज्वलन नीट होतें. धुराच्या नळींत बसविलेला ऑक्सिजन-सेन्सर उरलेला प्राणवायु पाहून मिश्रण कोणत्या बाजूस झुकलें तें क्षणोक्षणीं कळवितो, आणि संगणक त्याप्रमाणें पेट्रोल वाढवितो किंवा घटवितो. ही वाढ-घट शेंकड्यांत वाचतां येते. ती पांच-दहा टक्क्यांच्या आंत असेल तर चिंता नसते. वीस-पंचविसांपर्यंत चढली कीं संगणक हात टेकतो आणि दिवा लावतो.

मिस्त्रींनीं गाडी जागच्या जागीं सुरू ठेवली. वाढ दिसली बावीस टक्के. मग नातवाला ॲक्सिलरेटर दाबावयास सांगून फेरे अडीच हजारांवर नेले. आंकडा हळूहळू उतरत चारांवर आला. मिस्त्री हंसले. “सेन्सर बरा आहे, साहेब. गाडी कुठंतरी चोरून हवा खातेय.”

त्यांचें अनुमान असें. आमच्या गाडींत आंत जाणारी हवा मोजणारें एक मीटर आहे. त्या मीटरच्या पलीकडे कोठें चीर पडली तर न मोजलेली हवा आंत शिरते. गाडी उभी असतांना इंजिन हवा थोडीच घेतें आणि आंतली ओढ मात्र जोराची असते. तेव्हां ही चोरीची हवा एकंदरींत मोठा वांटा उचलते. फेरे वाढले कीं सरळ मार्गाची हवा इतकी येते कीं चोरीचा वांटा नगण्य होतो. याच्या उलट, पेट्रोलचा पंप दुबळा असता किंवा गाळणी तुंबली असती, तर कमतरता उभ्या गाडींत फारशी दिसली नसती; ती चढावर, भार पडल्यावर वाढली असती. एकच आंकडा, एकच दिवा. पण प्रश्न दोन ठिकाणीं विचारला म्हणून दोन रोग निराळे झाले.

चीर शोधण्यास त्यांनीं इंजिनाच्या श्वासमार्गांत धूर सोडला. थोड्या वेळानें खालच्या बाजूस, जेथें हातही नीट पोहोंचत नाहीं अशा जागीं, एका वांकड्या रबरी नळींतून धुराची बारीक रेघ वर आली. नैयायिकांचा धूर असा प्रत्यक्ष उपयोगी पडलेला आम्ही प्रथमच पाहिला. नळीला साडेचारशे रुपये पडले. ऑक्सिजन-सेन्सर, ज्याला पदच्युत करण्याचा घाट घातला होता, तो अजून आपलें काम चोख करीत आहे. हवा जास्त आहे असें त्यानें सांगितलें होतें, आणि हवा खरोखरच जास्त होती. खरें बोलल्याबद्दल त्यालाच काढून टाकणें म्हणजे चोर सोडून संन्याशाला सुळीं देणें होय.

परीक्षेची अशीच एक सुंदर रीत स्फोट चुकण्याच्या बाबतींत आहे. ‘पी ०३०१’ आला तर पहिल्या सिलिंडरची कॉइल तिसऱ्यावर लावावी आणि तिसऱ्याची पहिल्यावर. आतां ‘पी ०३०३’ उमटला तर दोष कॉइलबरोबर हिंडला, अपराधी तीच. पुन्हां ‘पी ०३०१’च आला तर कॉइल निर्दोष, मग प्लग, इंजेक्टर, व्हॉल्व यांकडे वळावें. आमच्या शास्त्रकारांनीं ज्याला अन्वय-व्यतिरेक म्हटलें, तें हेंच. त्याला एक पान्हा आणि थोडा वेळ लागतो. पैसे लागत नाहींत. मात्र दिवा स्थिर न राहतां उघडझाप करूं लागला तर परीक्षेच्या मोहांत न पडतां गाडी बाजूस घ्यावी; कारण त्या वेळीं न जळलेलें पेट्रोल धूर शुद्ध करणाऱ्या कन्व्हर्टरमध्यें जाऊन तेथें जळतें, आणि तो भाग वितळूं शकतो.

या कन्व्हर्टरची गोष्ट अधिक महागाची आहे. त्यांत प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम असे मौल्यवान धातु असतात. त्याच्या पुढें एक व मागें एक असे दोन सेन्सर बसवितात. मागचा जर पुढच्याप्रमाणेंच वरखालीं नाचूं लागला, तर मधला शुद्धीचें काम करीत नाहीं असें समजून संगणक ‘पी ०४२०’ नोंदवितो. आमच्या एका स्नेह्यांनीं या आंकड्यावर विसंबून मोठी रक्कम खर्चून नवा कन्व्हर्टर बसविला. आठ महिन्यांनीं तोच दिवा, तोच आंकडा. इंजिन तेल जाळीत होतें. त्या तेलानें पहिला मेला, आणि दुसराही त्याच वाटेनें गेला. विष कोण घालतो हें न पाहतां मृताच्या जागीं दुसरा आणून बसविला, तर त्याचें आयुष्य तें किती असणार! स्नेही निवृत्त शिक्षक आहेत. ती रक्कम त्यांनीं मुलीच्या घरीं बंगलोरास जाण्यासाठीं बाजूस ठेविलेली होती.

दुसरा एक मार्ग मात्र सोपा आहे, आणि म्हणूनच तो लोकप्रिय आहे. उपकरणावर ‘पुसून टाका’ अशी एक कळ असते; ती दाबली कीं आंकडा जातो, त्या क्षणाचें चित्रही जातें, आणि दिवा विझतो. जुनी गाडी विकणारे कांहीं चतुर लोक गिऱ्हाईक यावयाच्या सकाळीं ही कळ दाबतात. परंतु यंत्र रचणाऱ्यांस मनुष्यस्वभाव ठाऊक होता. स्मरण पुसलें कीं संगणकाच्या स्वतःच्या तपासण्याही कोऱ्या होतात, आणि ‘अमुक अमुक परीक्षा अद्याप पुऱ्या झाल्या नाहींत’ असें तो जाणत्यास सांगतो. कोरी पाटी हीच मग चुगली ठरते. जुनी गाडी घेणाऱ्यानें आंकडा नाहीं एवढ्यावर संतुष्ट न होतां या परीक्षा पुऱ्या झाल्या आहेत कीं नाहींत तें पाहावें. याच्याही पुढें जाऊन अमेरिकेंत २०१० च्या सुमारापासूनच्या गाड्यांत कायमच्या नोंदींची सोय झाली. ही नोंद कोणत्याही कळीनें पुसत नाहीं, बॅटरी काढून ठेवली तरी जात नाहीं. दोष खरोखर दूर झाला आहे अशी गाडीची स्वतःची खात्री पटली म्हणजेच ती नोंद जाते. पापाच्या क्षालनाविषयीं इतका कडक नियम धर्मशास्त्रांतही क्वचितच सांपडेल. तेथें निदान दक्षिणेची पळवाट तरी होती.

साक्षीदारावर आमची एवढी श्रद्धा आहे असें पाहून कोणी विचारील कीं, तो खोटें बोलतच नाहीं काय? बोलतो, पण त्याला तसें शिकविलें तर. २०१५ च्या सप्टेंबरांत असें उघडकीस आलें कीं फोक्सवॅगन कंपनीच्या डिझेल गाड्यांतील संगणक आपली परीक्षा चालू आहे हें ओळखीत, आणि तेवढ्यापुरता धूर स्वच्छ ठेवीत. रस्त्यावर मात्र नायट्रोजनचीं ऑक्साइडें मर्यादेच्या कित्येक पट बाहेर पडत. जगांतील सुमारें एक कोटी दहा लक्ष गाड्यांत ही योजना होती असें कंपनीनें मान्य केलें. आणि ती लबाडी बाहेर आली ती गाडीच्या स्मरणांतून नव्हे. वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठांतील संशोधकांनीं मोजमापाचीं यंत्रें गाडींत घालून तीं भर रस्त्यावर नेलीं, तेव्हां आंकड्यांचा मेळ बसेना. येथेंही शेवटीं मनुष्याला उठून स्वतःच्या डोळ्यांनीं पाहावें लागलें.

आणखी एका गोष्टीचा उल्लेख केला पाहिजे, कारण तिच्यावर आमच्या मिस्त्रींसारख्या अनेकांचें पोट अवलंबून आहे. गाडीचे सामान्य आंकडे आज कोणालाही वाचतां येतात, ही कंपन्यांची उदारता नव्हे. अमेरिकेंत १९९० च्या कायद्यानेंच खांचणी सर्वांस सारखी असावी आणि तींतील माहिती कंपनीच्या खास किल्लीवांचून वाचतां यावी, असें बंधन घातलें. आमच्याकडे २०१४ च्या ऑगस्टमध्यें भारतीय स्पर्धा आयोगानें चौदा मोटार-कंपन्यांविरुद्ध निर्णय देऊन, सुटे भाग व तपासणीचीं साधनें बाहेरच्या दुरुस्ती करणाऱ्यांस न मिळूं देणें गैर ठरविलें. पुढें त्यावर वरच्या न्यायासनांपुढें बरेच वाद झाले. साक्ष उघड्या न्यायालयांत व्हावी कीं बंद खोलींत, असा हा प्रश्न आहे. ती बंद खोलींत झाली तर सहा-सात हजारांचा निकाल मुकाट्यानें मानण्यावांचून गृहस्थाला गति नाहीं. ती उघड झाली तर तो दुसऱ्या जाणत्याकडे जाऊन विचारूं शकतो. आम्हांला तसें विचारतां आलें, हें त्या जुन्या कायद्याचेंच देणें आहे.

तेव्हां गाडी बाळगणाऱ्या आमच्या वाचकांस एवढीच विनंति आहे. दिवा लागला तर घाबरूं नये, आणि तो पुसण्याचीही घाई करूं नये. आंकडा कागदावर लिहून घ्यावा. त्याबरोबर त्या क्षणाचें चित्रही लिहून घ्यावें, आणि गाडी तेव्हां उभी होती कीं चढावर, थंड होती कीं तापलेली, हें घरांतील ज्या माणसानें ती चालविली त्याच्या आठवणींतून जोडावें. मग दुरुस्ती करणाऱ्यास एकच प्रश्न विचारावा: हा भाग बिघडला हें आपण कशावरून ठरविलें? जो केवळ पडद्याकडे बोट दाखवील त्याला नमस्कार करून पुढें जावें. जो ‘थांबा, दाखवितों’ असें म्हणून बाह्या सरसावील, त्याच्यापाशीं निःशंक मनानें गाडी सोडावी; आणि त्यानें कांहींही न बदलतां केवळ कारण शोधून दिलें, तरी त्याच्या त्या अर्ध्या तासाचें मोल देतांना घासाघीस करूं नये.